गुहेतले दहा आकडे

बेटावर हरवलेल्या नायिकेनं आजच्या भागात गुहेच्या भिंतीवर दहा आकडे कोरले, तसे चाहते गूढ उकलायला तुटून पडले. कुणी म्हणे खजिना, कुणी म्हणे खुनी. आईशेजारी बसून पाहणाऱ्या केतकीनं मात्र ते पाहताक्षणी ओळखले. नायिका म्हणजे तिचीच यंत्रात उतरवलेली प्रत होती, सगळ्या आठवणींसकट. ही मालिका आहे, एवढंच त्या प्रतीला ठाऊक नव्हतं. आणि ते आकडे म्हणजे आईचा जुना फोन नंबर होता, ‘हरवलीस तर सांग’ म्हणून लहानपणी घोकून घेतलेला.

केतकीनं दिग्दर्शकाला फोन लावला. “तिला बाहेर काढा.”

“अहो, आत्ता कुठे मालिका रंगात येतेय.”

आई उठली आणि कपाटातला जुना फोन काढून तिनं चार्जिंगला लावला.