पंचावन्न किलो

साइडकारमध्ये पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं, तेव्हा मोटारसायकल दोनदा खोकली आणि एका गॅरेजसमोर बंद पडली.

"काही नाही, प्लग ओला झाला असेल," कॅप्टन म्हणाला.

कॅप्टन म्हणजे तिचा नवरा. जन्मभर जन्ममृत्यूच्या नोंदी करणारा हेडक्लार्क. होडीत बसायचं नुसतं नाव काढलं तरी त्याला मळमळायचं. निवृत्त झाल्यावर त्याने ही तीन चाकांची म्हातारी गाडी घेतली, कातडी जाकीट शिवून घेतलं, डोळ्यांवर वैमानिकाचा चष्मा चढवला. जुन्या गाड्यांच्या क्लबातले चार रिकामटेकडे त्याला थट्टेने कॅप्टन म्हणू लागले, आणि या गृहस्थाने ते मनावर घेतलं.

दर महिन्याला एका शनिवारी घाटावरच्या विश्रामगृहात या मंडळींचा मेळावा भरे. दर वेळी ती शेजारच्या त्या पत्र्याच्या डब्यात बसून त्याच्याबरोबर जाई. "तू नसलीस की करमत नाही गं," असं तो म्हणाला होता. त्या एका वाक्यावर तिने तीन वर्षं पाठदुखी काढली होती.

आज मात्र तिला मेळाव्याला जायचं नव्हतं. धाकट्या बहिणीचं ऑपरेशन होतं. अकराला आत नेणार होते. "तू दिसल्याशिवाय मी आत जायची नाही," असं धाकटी काल फोनवर रडत म्हणाली होती. हॉस्पिटल याच रस्त्यावर, पुढच्या वळणाच्या अलीकडे. बसने जाते म्हटल्यावर कॅप्टनला अपमान वाटला. गाडी दारात असताना बसने? वाटेत उतरवतो, असं त्याने सकाळी कबूल केलं होतं.

मेकॅनिक पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन बाहेर आला. "वहिनींना आत बसू द्या की साहेब. केवढ्या भिजल्यात."

"बसू दे तिथंच. सवय आहे तिला."

"अहो, सव्वादहा झाले," ती म्हणाली. "मी चालत जाते इथून. गेट दिसतंय ते."

"परतताना जाऊ."

"परतताना संध्याकाळ होईल. तुम्ही सकाळी हो म्हणालात."

"सकाळी पाऊस होता का एवढा? वळणं किती निसरडी झाली असतील, कल्पना आहे?" मग तो मेकॅनिककडे वळला आणि एका जाणत्याने दुसऱ्या जाणत्याशी बोलावं तसा हसला. "यांना यंत्रातलं काय सांगायचं!"

"मोकळी नका नेऊ हं घाटात," मेकॅनिक म्हणाला. "डाव्या वळणावर साइडकार उचलते. गाडी उलटायची."

"अरे, म्हणून तर हिला आणतो!" कॅप्टनने साइडकारवर थाप मारली. "पंचावन्न किलो. एकदम नेमकं वजन. मध्ये तापाने उतरली होती, तेव्हा पायाशी दोन विटा टाकाव्या लागल्या. अजून आहेत बघ."

विटा होत्या. पाय टेकायला बऱ्या पडतील, असं तेव्हा तो म्हणाला होता. ती त्याला चांगला माणूस म्हणाली होती, आणि चार जणींना सांगितलंही होतं.

मेकॅनिक हसला नाही. तो हातातला प्लग उगाचच पुसत राहिला.

"होऊ दे तुझं. मी समोर चहा घेऊन येतो," म्हणत कॅप्टन रस्ता ओलांडून गेला. तू घेतेस का, हे त्याने विचारलं नाही. कधीच विचारत नसे, पण आज ते तिच्या लक्षात आलं. त्याची पाठ बघताना तिला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. त्या फुगलेल्या जाकिटातला माणूस किती लहान आहे, एवढंच दिसलं, आणि याच्यासाठी आपण तीन वर्षं कण्हलोसुद्धा नाही, याची तिला स्वतःचीच चीड आली.

ती उठली. चपलांतलं पाणी झटकून खाली उतरली.

"यात माणसाऐवजी काय ठेवतात हो?"

मेकॅनिकने तिच्याकडे नीट पाहिलं. "वाळूचं पोतं, वहिनी."

"आहे तुमच्याकडे?"

"तेल सांडलं की टाकायला ठेवलंय. पण पन्नासचं आहे."

"चालेल. विटा आहेतच."

त्याने प्लग बसवला आणि पोतं आणून सीटवर उभं केलं. तिने आपलं हेल्मेट त्यावर बसवलं, पट्टा आवळला आणि साइडकारची ताडपत्री गळ्यापर्यंत ओढून तिची बटणं लावली. दर महिन्याला स्वतःची लावायची तशीच. मेकॅनिकने न मागता छत्री पुढे केली. ती गॅरेजच्या दाराआड उभी राहिली.

कॅप्टन मिशा पुसत आला. चष्मा चढवला, हातमोजे ओढले, किक मारली. पहिल्या किकला गाडी चालू झाली, तेव्हा त्याने शाबासकीसाठी मेकॅनिककडे पाहिलं.

"नीट बस," तो ताडपत्रीकडे न बघता म्हणाला. "आणि वळणावर हलू नकोस."

गाडी निघाली. ती छत्री उघडून त्याच रस्त्याने झपाझप चालू लागली. पावसाच्या पडद्यातून तिला तो दिसत होता: ताठ बसलेला, मान किंचित डावीकडे कललेली, काहीतरी समजावून सांगत असलेला. गाडी हॉस्पिटलच्या गेटाशी आली. त्याने वेग कमी केला नाही. फक्त डावा हात उचलून गेटकडे बोट दाखवलं, पोत्याला दोन शब्द सांगितले आणि पुढे गेला.

त्यानंतरचं डावं वळण त्याने झोकात घेतलं. चाक तसूभरही उचललं नाही.