ज्योतीरामचा पहारा

ज्योतीरामने पोकलेनचं इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली आणि खाली उतरला. मंडपाच्या पायरीपाशी चपला काढल्या. नळावर हातपाय धुतले, खांद्यावरच्या टॉवेलने पुसले आणि मुरारीआबांसमोर जाऊन उभा राहिला.

आबांनी आपल्या गळ्यातली वीणा काढून त्याच्या गळ्यात घातली. दोघे एकमेकांच्या पाया पडले. सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघते ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, काल्याचं कीर्तन होईपर्यंत. वीणा घेऊन उभं राहण्याचा दुपारचा हा पहारा ज्योतीरामच्या बापाचा होता. बाप गेल्यापासून तो करत होता.

"रामकृष्ण हरी," म्हणून त्याने तार छेडली. समोर मंडपाच्या तोंडाशी त्याचंच मशीन लोखंडी हात जमिनीला टेकवून उभं होतं.

नव्या रेल्वेच्या वाटेत देवळाचा गाभारा येत नव्हता, मंडप येत होता. गावाने होकार दिला तो एका बोलीवर, सप्ताह होऊ द्या. काला उद्या होता. मशीन आजच आलं.

साइटवरच्या इंजिनिअर नेहा मॅडम बूट काढून मंडपात आल्या. हेल्मेट काखेत धरून त्यांनी आधी नमस्कार केला.

"आबा, एक दिवस थांबा म्हणून मी वर सांगून बघितलं. नाही ऐकलं. म्हणतात, मंदी आहे तोवर काम उरकून घ्या. लोखंड स्वस्त आहे, माणसं लागतील तेवढी मिळतायत."

"मिळत्यात की," आबा म्हणाले. "आमचीच मिळाली."

टाळकऱ्यांत हशा पिकला. ज्योतीरामने मान वर केली नाही. चाकणच्या कंपनीने त्याची शिफ्टच बंद केली, तेव्हापासून घरची चूल या मशिनवर पेटत होती.

"ज्योतीराम, तुमचा पहारा कधी संपतो?" मॅडमनी विचारलं.

उत्तर आबांनी दिलं. "दुसरा वीणा घ्यायला आला की संपतो, मॅडम. आन आज कुणी येणार न्हाई."

मॅडमनी सगळ्यांकडे पाहिलं. कुणी टाळाची दोरी आवळत होतं, कुणी पखवाजाची शाई उगाच कापडाने पुसत होतं. सगळ्यांचं आधीच ठरलेलं होतं.

"वीणेकऱ्याला मधीच सोडून जाता येत न्हाई," आबा खुशीत आले होते. "आन मशिनची चावी वीणेकऱ्याच्या खिशात! पांडुरंगानं कसं जुळवून आणलं बघा."

कुणीतरी विठ्ठलाच्या नावाचा गजर केला. मंडप दुमदुमला. ज्योतीरामचं बोट तेवढं तारेवरून चुकलं.

गजर ओसरेपर्यंत मॅडम थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आबा, तळवड्याहून दुसरा ऑपरेटर निघालाय. दुसरी चावी आहे त्याच्याकडे. त्याच्या मागोमाग बंदोबस्त येईल. मंडप आज पडणारच. ज्योतीरामला मात्र उद्यापासून बोलावणार नाहीत. मला काही करता येणार नाही हो, मीसुद्धा कॉन्ट्रॅक्टवरच आहे."

आबांनी टाळकऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "देवापायी एक नोकरी गेली तर गेली. देव दुसरी देईल. काय रं ज्योत्या?"

सगळे त्याच्याकडे बघत होते.

"व्हय, आबा," ज्योतीराम म्हणाला. वीणेच्या आवाजात ते त्यालाच ऐकू आलं असेल.

बायकांच्या बाजूने रतनबाई उठली. ज्योतीरामची आई. नळावर गेली, पाय धुतले, पदर खोचला आणि लेकापुढे येऊन उभी राहिली.

"बघा, माय आली लेकाच्या पाठीशी," आबा म्हणाले.

रतनबाईने दोन्ही हात पुढे केले. "आण इकडं."

"आई, तू?"

"तुझ्या बापाचा पहारा हाय. माझा न्हाई व्हय?"

त्याने वीणा काढली, तिच्या गळ्यात घातली, तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तो उठला तशी ती वाकली. ज्योतीराम चटकन मागे सरला.

"सरू नको मागं," ती म्हणाली. "वीणा दिलीस तू मला."

आणि ती लेकाच्या पाया पडली.

मग तिने तार छेडली, आणि छेडतच मंडपाच्या पायऱ्या उतरली. भर उन्हात जाऊन उभी राहिली.

"रतनबाई!" आबा ओरडले. "वीणा मंडपाबाहेर नेतीस?"

"वीणा माणसाच्या गळ्यात उभी ऱ्हाती, आबा. फरशीवर न्हाई." तिचा हात थांबला नव्हता. "फरशी ह्याच्या बापानं बसवली. मला नका सांगू तिचं. या, सगळी इकडं या."

 मग एक टाळकरी उठला. दोन बाया उठल्या. पखवाजवाल्याने पखवाज उचलला. सगळ्यांत शेवटी आबा आले आणि रतनबाईकडे न बघता तिच्या बाजूला उभे राहिले.

ज्योतीराम पायरीवर तसाच उभा होता.

"जा," आई म्हणाली. "तो तळवड्याचा येईल, त्याला काय ठाऊक. गाभाऱ्याच्या अंगानं हळू घे."

मॅडमनी बूट हातात घेतले आणि अनवाणीच बाजूला झाल्या. उन्हात टाळ सुरू झाले, पण एका ठेक्यात येईनात.

ज्योतीराम मशिनवर चढला. चावी फिरवली. लोखंडी हात थरथरत वर गेला.

त्याच्या चपला मंडपाच्या पायरीपाशीच होत्या.