शनिवारचं तेल

गॅरेजवाल्या गुरुपादप्पाने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पॉवर स्टेअरिंगच्या पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हणाला, "फिरवा."

रविकिरणने स्टेअरिंग डावीकडे पूर्ण वळवलं. गाडी दुखऱ्या रेड्यासारखी कण्हली. उजवीकडे वळवलं, तर जास्तच.

"पंपच वरडून राहिलाय. पट्टा चांगला हाय."

"काय करायचं ते लवकर करा अप्पा. आईला हदगावच्या सप्त्याला न्यायचंय, सातला कीर्तन." रविकिरण खाली उतरला. उमरीत त्याचं खताचं दुकान होतं. ही जीप घरची, आणि सवड असली की भाड्याची. "आन् एक सांगून ठेवतो. ह्या गाडीवर बबल्याचा आजचा दिवस शेवटचा."

बबलू टायरच्या ढिगाजवळ उभा होता. चार वर्षं तो ही जीप चालवत होता. पंधरा दिवसांची सुट्टी संपवून कालच किनवटहून आला होता.

"दर आठवड्याला स्टेअरिंगच्या तेलाची बाटली मागतो," रविकिरण म्हणाला. "गळतंय का कुठं, बघा तुम्हीच."

अप्पा गाडीखाली शिरला. नळ्या चाचपल्या, जोड चाचपले. बाहेर आला तेव्हा त्याची बोटं कोरडी होती.

"थेंब न्हाई."

"मग तेल जातं कुठं? विकतंय हे! आन् सुट्टीवर जाताना कायतरी करून गेलं. दुसऱ्या दिवसापासून मीच चालवतोय, तवापासून हा आवाज."

मागच्या सीटवर रविकिरणची आई, कस्तुराबाई, मांडीवर टाळ घेऊन बसली होती. तिने खिडकीची काच खाली केली.

"आधी गाडी बघू दे की रे त्यांना. वरडायला गाडी हाय, तू कशाला वरडतूस?"

अप्पाने तेलाच्या डबीचं झाकण फिरवलं. तेल भरलेलं होतं, पण वर दुधासारखा फेस. तेल कमी नाही, तरी आत हवा. त्याने बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं. कचकच लागली. मग नळी सोडून सगळं तेल पत्र्याच्या डब्यात काढलं आणि डबा उन्हात ठेवला. लाल तेल वर राहिलं. तळाला केशरी गाळ बसला. अप्पाने वास घेतला.

"गोडतेल हाय ह्यात. आन् हा शेंदूर."

"शेंदूर?" रविकिरण बबलूकडे वळला. "करणी करतूस व्हय रे? ज्या घरचं खातूस त्याच घराला?"

बबलूने एकदा खिडकीकडे पाहिलं. मग मान खाली घातली.

"चूक झाली मालक. मीच घातलं."

टाळ खणकन वाजले. कस्तुराबाई दार उघडून खाली उतरली होती.

"खोटं बोलू नको लेकरा. मी घातलं."

"आई, तू मधी पडू नको."

"मी घातलं म्हनते ना! आखाडातल्या कीर्तनात महाराज म्हनले, मानूस घसरतो तो वळनावर, तिथं देव असू द्या. म्या ह्याला इचारलं, बाबा, ही गाडी वळते कशानं? ह्यानं ती डबी दाखवली. तवापासून दर शनवारी मारुतीच्या पायाशी वघळलेलं तेल वाटीत आनते आन् दोन चमचे त्यात घालते. गाडीच्या म्होरच्या टोपनाचा खटका कुठं असतो ते ठावं हाय मला."

रविकिरण डब्यातल्या शेंदराकडे बघत राहिला. अप्पा हसला नाही. त्याने कामाला हात घातला.

डबी धुतली, आतली जाळी धुतली, पंपातून नवं तेल सोडून घाण बाहेर काढली. पुन्हा तेल भरलं. पुढची चाकं जॅकवर उचलली आणि इंजिन बंद ठेवून बबलूला स्टेअरिंगवर बसवलं. "ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. हळू. हवा निघू दे." प्रत्येक टोकाला कस्तुराबाई "राम कृष्ण हरी" म्हणत होती. विसाव्या नामाला बुडबुडे थांबले.

गाडी चालू केली. स्टेअरिंग वळलं. आवाज नाही.

अप्पाने हात पुसले. पण त्याचं समाधान झालेलं दिसत नव्हतं.

"मावशी, आखाडापासून म्हनलात ना?"

"हाव."

"आता फाल्गुन. एवढा शेंदूर खाऊन पंप महिनाभर टिकला न्हाई पाहिजे. आठ महिने कसा टिकला?" तो बबलूकडे वळला. "तुझ्या सुट्टीत शनवार किती आले रे?"

"दोन."

"हे दोन शनवार पोटात राह्यले. बाकीचे कुठं गेले?"

बबलूने ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला आणि एक गाठोडं ओढून काढलं. त्यात गुरांना टोचायची मोठी पिचकारी होती. आणि झाकणं घट्ट लावलेल्या बाटल्या, एकीला एक लागून. प्रत्येकीच्या तळाला केशरी थर.

"आई देवळातून येऊन घालायच्या. गाडी चालू करायच्या आधी मी ओढून घ्यायचो आन् नवं भरायचो."

"मग सांगायचं न्हाई का मला?" रविकिरण म्हणाला.

"तेल घालून झालं की आई गाडीला हात जोडायच्या. मग माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या. कसं सांगू?"

रविकिरणने एक बाटली उचलून उजेडात धरली.

"आन् हे कशाला साठवलंस?"

"मारुतीचं तेल हाय मालक," बबलू म्हणाला. "सांडावं तरी कुठं?"