बिनविरोध

निधी मतपेटीजवळची खुर्ची सोडायला तयार नव्हती. पेटी म्हणजे बुटांचं खोकं, पण फट तिने स्वतः कापली होती. अमेरिकेतल्या कॅरी गावच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष आज निवडायचा होता आणि तिची आई, आसावरी, पहिल्यांदाच उभी होती. तीही वर्षानुवर्षं अध्यक्ष असलेल्या गिरीशकाकांच्या विरोधात.

मतदानाची ही हौस निधीला लावली काकांनीच. रिटायर्ड डॉक्टर असलेले काका रविवारी मंडळाच्या मुलांना जुन्या अमेरिकन शाळांमधलं नागरिकशास्त्राचं पुस्तक शिकवत. दोनशे वर्षांपूर्वीचं, प्रश्नोत्तरांचं. राज्य कुणाचं? लोकांचं. लोक आपलं मन कसं सांगतात? मत देऊन. मुलं पाढे म्हणावेत तशी उत्तरं म्हणत, आणि सगळ्यांत मोठा आवाज निधीचा. म्हणून तर पेटी सांभाळायचा मान तिला.

काकांनी माइक हातात घेतला. आपण मराठी माणसं इथे तरी भांडत नाही, म्हणाले. काल विवेकशी चहावर बोलणं झालं, आसावरीने मोठ्या मनाने माघार घेतलीय, तेव्हा यंदाही निवड बिनविरोध. टाळ्या वाजल्या.

आसावरीने नवऱ्याकडे, विवेककडे पाहिलं. ती हे आत्ताच ऐकत होती.

"कशाला उगाच वाईटपणा," विवेक फोनमध्ये बघत पुटपुटला. "वाटलं, तू समजून घेशील."

चारचौघांत नवऱ्याला तोंडघशी पाडायचं नाही, हे तिला कुठल्याही पुस्तकाशिवाय पाठ होतं. पर्स उचलून ती पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसली.

"बट नोबडी व्होटेड, काका," निधी म्हणाली.

लोक कौतुकाने हसले आणि जेवणाच्या रांगेत लागले. निधीला रडू येत होतं. तरी मतदानाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन ती टेबलांमधून फिरली, एकेकासमोर चिठ्ठी धरत राहिली. मावश्यांनी गालगुच्चे घेतले. बाबांनी तिला गप्प बस म्हणून डोळ्यांनी दटावलं. चिठ्ठी कुणीच घेतली नाही.

शेवटी काकांनी हात पुढे केला. निधीचा चेहरा उजळला. तिने पटकन पेन्सिलही पुढे केली.

"शहाणी माझी," काका म्हणाले, आणि त्या चिठ्ठीने त्यांनी बोटांवरचं श्रीखंड पुसलं.