चौकोनी आम्लेट

आम्लेट समोर आलं आणि ताईच्या हातातला काटा हातातच राहिला. चारही बाजूंनी आत दुमडलेलं, चौकोनी, पोस्टात टाकावं असं. असं आम्लेट आई करायची. आईनंतर ते एकालाच जमायचं, तिच्या धाकट्या भावाला.

सहा वर्षांपूर्वी धाकटा एका खानावळीत स्वयंपाकी होता. मालकाशी वाजलं, ह्यानं ढकललं, मालक तळघराच्या जिन्यावरून गडगडत खाली गेला. पालथा पडला तो हलेचना. धाकट्यानं एप्रन खुंटीला अडकवला आणि जो पळाला तो पळालाच. मालक मेलाबिला काही नव्हता. कंबर मोडली, सहा महिने अंथरुणात काढले, आता काठी टेकत गिऱ्हाइकांवर खेकसत असतो. पोलिसांत तक्रारसुद्धा केली नाही त्यानं. सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं, नव्हतं ते फक्त धाकट्याला. ताईला एवढं एक वाक्य त्याच्या कानावर घालायचं होतं आणि त्याला घरी न्यायचं होतं. आईचं आता काही खरं नव्हतं. दिवसातून चारदा विचारायची, "आला का गं?" आणि उत्तराची वाट न बघता डोळे मिटायची.

शाळेच्या कचेरीतलं काम आटोपलं की दर शनिवारी ताई बस पकडायची. नवं शहर, नवी हॉटेलं. कुठे गोदामाला टेकलेला चार टेबलांचा बार, कुठे न्हाव्याच्या दुकानातून आत शिरावं लागणारी खानावळ. पाटी असेल तर असेल, नाहीतर वासावरून जायचं. सगळीकडे ऑर्डर एकच. अंड्याचा वास तिला नकोसा झाला होता, पण करते काय.

पाच वर्षं ती खरं सांगत फिरली. "मी त्याची बहीण."

"रोज एक बहीण येते," एका बारमालकानं ग्लास पुसता पुसता मान वर न करता म्हटलं होतं. "परवा दोन आल्या होत्या."

या धंद्याची रीतच ती. घरचं माणूस विचारत आलं की सगळ्यांच्या तोंडाला कुलूप. कोण बायकोला टाळतोय, कोण बापाला, ते ज्याचं त्यानं बघावं. शेवटी ताईनं शक्कल लढवली. राखाडी कोट, काखेत फाइल, फाइलीत धाकट्याचा फोटो, गळ्यात शाळेचंच ओळखपत्र, उलटं करून. "ऑफिसकडून आलेय. ह्या माणसाची चौकशी आहे." कुठलं ऑफिस, हे एकानंही विचारलं नाही. मालक उठून उभे राहायचे, खुर्ची पुसून द्यायचे, मॅडम मॅडम करायचे. आपल्याला हे पाच वर्षं आधी का सुचलं नाही, म्हणून ताई स्वतःवर चडफडली. चौकशी कसली, हे मात्र ती सांगायची नाही. मालकाला ढकललं म्हटल्यावर पोराला पुन्हा कोण दारात उभं करणार?

शक्कल लागू पडली. महिन्याभरात बंदराजवळच्या बारमध्ये पहिलं चौकोनी आम्लेट मिळालं.

"पाच वर्षं आहे आमच्याकडे," मालक म्हणाला. "हात असा की बस. आज सुट्टी आहे त्याची, सोमवारी या."

सोमवारी ती गेली, तर रविवारीच त्यानं काम सोडलं होतं. पुढच्या शहरात तो दोन महिने होता, कालच गेला. त्याच्या पुढच्या शहरात तीन आठवडे होता, सकाळीच गेला. मग एका ठिकाणी नऊच दिवस. त्याची चहाची कपबशी अजून गरम होती. ताई मोरीजवळ ती कपबशी हातात धरून उभी राहिली आणि रडली. घरी आल्यावर आईच्या कानाशी वाकून म्हणाली, "आई, आता हाताच्या अंतरावर आलाय बघ." त्या दिवशी आई पेजेचे चार घास जास्त जेवली.

आणि आज हे नदीकाठचं शहर. बारवाली बाई पलीकडे भांडी आवरत होती.

"आम्लेट कुणी केलं?" ताईनं विचारलं.

"मीच."

"शिकवलं कुणी?"

बाईनं कोटाकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं. हात पुसले. "तुम्ही त्या ऑफिसच्या मॅडम ना? याल म्हणालाच होता."

ताईचा जीव सुपाएवढा झाला. वाट बघतोय तर. "कुठंय तो?"

"परवा सकाळी नदीतून काढला," बाई म्हणाली. "चपला काठावर जोडून ठेवल्या होत्या. घरचं कुणी नाही असं सांगायचा, म्हणून आम्हीच उरकलं सगळं."

बाईनं बाटल्यांमागून एक कागद काढला, चारही बाजूंनी आत दुमडलेला. "तुमच्यासाठी ठेवलाय."

घड्या उलगडायला ताईला वेळ लागला.

'मॅडम, पाच वर्षं मी एका जागी नीट होतो. तुम्ही मागे लागलात तेव्हापासून पाठ टेकली नाही. एकाकडे विचारलंत की दुसरा मला कळवायचा, राखाडी कोटवाली बाई आलीय. आता थकलो. तो माणूस माझ्याच हातून मेला, तसं लिहून घ्या आणि फाइल मिटवा. फक्त आमच्या घरी जाऊ नका. आईला झेपायचं नाही. आणि ताईला यात ओढू नका. सहा वर्षांत ती एकदाही मला शोधत आली नाही. बरं केलं तिनं.'