मुकी सुरी

एकही हात वर गेला नाही.

एवेलियो आपल्या बाकाशी उभाच राहिला. आपलं काम त्याने दरवर्षीसारखं चोख केलं होतं. उठला होता, घसा साफ केला होता आणि साऱ्या दालनाला ऐकू जाईल असं म्हणाला होता, "हे पुस्तक रटाळ आहे. दीपगृहात राहणाऱ्या बाईची गोष्ट. ती दिवा लावते, दिवा विझवते. नव्या वर्षाची सुरुवात झोपेने करायची असेल तर खुशाल घ्या."

एरवी यावर हशा व्हायचा आणि भराभर हात वर जायचे. आज चिरूट वळणारे सगळे खाली मान घालून तंबाखूची पानं सारखी करत होते.

वर्षातला कामाचा शेवटचा दिवस होता. घरोघरी नव्या वर्षाच्या जेवणासाठी डुकरं भाजायची तयारी चालली होती, पण क्युबातल्या पिनार देल रिओच्या या चिरुटांच्या कारखान्यातून मत दिल्याशिवाय कोणी घरी जात नसे. सरत्या वर्षात ऐकलेल्यातलं कोणतं पुस्तक सगळ्यात आवडलं आणि जानेवारीत कोणतं लावायचं, हे आज ठरायचं. चौथऱ्यावर बसून एक जण वाचतो, बाकीचे ऐकत चिरूट वळतात. आवडलं तर पानं कापायची सुरी लाकडी पाटावर वाजवतात. नाही आवडलं तर ती फरशीवर टाकतात. टाळ्या वाजवायची इथे पद्धत नाही.

आवडत्या पुस्तकाचा निकाल सकाळीच लागला होता. दोन बहिणींच्या भांडणाची कादंबरी जिंकली. नेरेइदाने ती मार्चमध्ये वाचली होती. त्या कादंबरीचं नाव निघालं तेव्हा सुऱ्या इतक्या वाजल्या की यानेलिसला, म्हणजे नव्या वाचणारीला, पुढचं बोलता येईना. फक्त एवेलियोची सुरी वाजली नाही. नेरेइदाच्या कुठल्याच पुस्तकाला ती कधी वाजली नव्हती.

नेरेइदा त्याची बायको. लग्नाआधीपासून ती त्या चौथऱ्यावर वाचत होती. सप्टेंबरात ती गेली.

लग्न झालं त्या वर्षी सकाळच्या कॉफीवरून दोघांचं भांडण झालं होतं. त्या रागात एवेलियोने तिने सुचवलेल्या पुस्तकाला भर दालनात नावं ठेवली. त्याची जिरवायची म्हणून सगळ्यांनी त्याच पुस्तकाला हात वर केले. घरी जाताना दोघं हसत गेले. तेव्हापासून डिसेंबर आला की नेरेइदा त्याला सांगायची, "या वेळी याला शिव्या घाल." तो घालायचा आणि तिला हवं तेच पुस्तक लागायचं. सोंग उघडं पडू नये म्हणून त्याने सुरीही कधी वाजवली नाही. "सगळ्यांच्या सुऱ्या बोलतात," ती भात वाढताना म्हणायची, "माझ्याच माणसाची मुकी."

दीपगृहाचं पुस्तक तिने अंथरुणावर पडल्या पडल्या त्याला वाचून दाखवलं होतं. निम्मं झालं आणि तिला वाचवेना. "हे जानेवारीत लावा," एवढं ती म्हणाली. उरलेलं निम्मं त्याला स्वतःला वाचता आलं असतं. एकदा त्याने पुस्तक उघडलंही. पण आयुष्यभर गोष्टी कानांनी ऐकलेल्या. नुसत्या डोळ्यांपुढे ती गोष्ट हलेना. मग त्याने ते यानेलिसला नेऊन दिलं आणि आजच्या दिवसाची वाट पाहिली.

"मग पोलिसांची गोष्ट लावायची का?" यानेलिसने चौथऱ्यावरून दुसऱ्या पुस्तकाकडे बोट करत विचारलं.

"लाव बाई," मागच्या रांगेतला गुमेर म्हणाला. "एवेलियो रटाळ म्हणतोय म्हणजे असणारच. दुःखातल्या माणसाचं मन मोडू नये."

हे एवेलियोच्या ध्यानातच आलं नव्हतं. कीव येऊन सगळे त्याचं ऐकत होते.

"नुसतं रटाळ नाही," त्याने आवाज चढवला. "त्यातला नवराही मूर्ख आहे."

"मग तर नकोच," शेजारच्या बाकावरून दोमितिला म्हणाली. ती नेरेइदाची लहानपणापासूनची मैत्रीण. "मूर्ख नवरे काय घरी कमी आहेत?"

बायका हसल्या. हात कोणीच वर केला नाही. यानेलिसने पोलिसांचं पुस्तक उचललं.

"थांब पोरी," एवेलियो म्हणाला. "ते दुसरं चांगलं आहे."

"कोणतं?"

"दीपगृहाचं. चांगलं आहे. मला पुढचं ऐकायचंय."

दोमितिलाने मानही वर केली नाही. "आत्ता तर रटाळ होतं. तुझ्या तोंडाचा काय भरवसा, म्हाताऱ्या? इथे सुरी बोलते."

एवेलियो खाली बसला. सुरी समोर पानावर पडली होती. आता ती वाजली तरी जिने ऐकायची ती चौथऱ्यावर नव्हती. त्याने सुरी उचलली आणि पाटावर एकदा आपटली. आवाज जेमतेम झाला. त्याने पुन्हा आपटली. मग मान खाली घालून तो ती वाजवतच राहिला.

हात दुखला तेव्हा तो थांबला. वर पाहिलं तर दालनातला प्रत्येक हात वर होता. गुमेरचे तर दोन्ही.

"हे काय?" त्याने विचारलं.

"तिनेच बजावून ठेवलं होतं," दोमितिला डोळे पुसत म्हणाली. "त्याची सुरी वाजेपर्यंत एकानेही हात वर करायचा नाही."