घरची बाटली

परदेशात भेसळीची दारू पिऊन पर्यटक मरतात, अशी बातमी वाचल्यापासून धुळ्याच्या योगेंद्रभाऊंनी धसका घेतला होता. पण भाऊ पक्के हिशेबी, जीवही सांभाळायचा आणि मजाही सोडायची नाही. व्हिएतनामला जाताना त्यांनी नरडाण्याकडच्या ओळखीच्या भट्टीवरची गावठी सरबताच्या बाटलीत भरून नेली. तिथे कोकिळावहिनींनी त्यांना एक थेंबही पिऊ दिला नाही. म्हणून ते परतल्यावर तीच बाटली घेऊन भाऊ, लोटननाना आणि मी मळ्यात बसलो.

ग्लास भरताना भाऊ सांगू लागले, "आमच्या शेजारच्या खोलीत एक गोरं जोडपं होतं. सकाळी दोघंही मेलेले सापडले. पोलिसांनी फ्रिज, बार, बर्फ, बठ्ठं तपासलं. कशातच काही निघालं नाही."

"म्हणून म्हणतो, आपली वस्तू ती आपलीच शे," नाना म्हणाले.

मी ग्लास उचलता उचलता बाटलीकडे पाहिलं. "भाऊ, वहिनींनी पिऊ दिली नाही, मग ही आणलीत तेव्हाच अर्धी कशी होती?"

"अरे, त्याच जोडप्याला दिली ना आदल्या रात्री. म्हटलं, बिचारे तिथलं काहीबाही पिऊन..."

भाऊंचा ग्लास ओठांजवळ थांबला. मी माझा खाली ठेवला.

नानांनीही ठेवला.



त्यांचा रिकामा होता.